दारावरची मिकू : पहिली इताशा करणाऱ्यांसाठी

मागच्या वर्षी आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. ती क्षणभर गप्पच. मग म्हणाली, “अगं, जाहिरातीला दिलीस की काय गाडी? किती देतात महिन्याचे?” देत कोणी नाही, मीच मोजलेत, हे सांगेपर्यंत बाबा मागून डोकावले. “ही वॅगनआरच ना? आपल्या वरच्या काकांकडे होती तशी?”

वॅगनआरच. नागोयाजवळ राहते, ऑफिसला जायला सेकंडहँड घेतलेली. तिच्या दोन्ही बाजूंना हात्सुने मिकू, म्हणजे गाणाऱ्या सॉफ्टवेअरचं अॅनिमेसारखं पात्र, आहे, केसांच्या दोन लांबलचक पोनी पार मागच्या दिव्यापर्यंत उडवत. अॅनिमे-गेममधल्या पात्रांची चित्रं चढवलेल्या अशा गाडीला जपानमध्ये इताशा म्हणतात. इथे नव्याने आलेली मराठी पोरं विचारतात, पुण्यात जपानी शिकणारेही विचारतात, की हे करायचं कसं? तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाच लिहून काढते. मी यात उस्ताद नाही. पण एकच बाजू तीनदा चिकटवली असल्यामुळे काय करू नये ते चांगलं पाठ आहे.

आधी शब्दाबद्दल. ‘इताई’ म्हणजे दुखणारं, ‘शा’ म्हणजे गाडी. बघणाऱ्याच्या डोळ्यांना दुखते, मालकाच्या खिशाला दुखते, आणि गाडीत बसलेल्या बायको-नवऱ्याला कुठे तोंड लपवू असं होतं, ते दुखणं वेगळंच. त्यात कोटीही आहे: गाडीवाल्यांच्या बोलीत इताशा म्हणजे इटालियन गाडी. मोटरसायकल सजवली तर ती ‘इतान्शा’, सायकल असेल तर ‘इताचारी’. गाडीत बाहुल्या आणि स्टिकर ठेवणं १९८०च्या दशकातलं, पण आख्खी गाडी रंगवायचं वेड या शतकातलं. २००७ मध्ये तोक्योच्या आरिआकेत इताशांचा पहिला मेळावा भरला. २००८ पासून जपानच्या सुपर जीटी मोटार शर्यतींत मिकूचं चित्र असलेली गाडी धावू लागली आणि त्या संघाने २०११, २०१४ आणि २०१७ अशी तीन वेळा जीटी३०० गटाची चॅम्पियनशिप मारली. तेव्हा ‘पोरकटपणा’ म्हणणाऱ्यांना सांगायला एवढं पुरे. आणि आपण तरी कुठे वेगळे? मागच्या काचेवर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ आणि ट्रकच्या ढुंगणावर मोर रंगवणारी माणसं आपण. जे आवडतं ते गाडीवर चढवायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोणाला चढवायचं, कोणाला विचारायचं

पहिल्या गाडीवर एकच पात्र घ्या. पाच जणी घेतल्या की गाडी शाळेच्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो होते आणि कोणाचाच चेहरा मोठा राहत नाही. आणि सध्या सुरू असलेली मालिका आवडली म्हणून लगेच उडी मारू नका. सीझन तीन महिन्यांत संपतो, गाडी दोन-तीन वर्षं रोज सकाळी समोर उभी राहणार आहे.

आता परवानगीचं. कंपनीचं अधिकृत चित्र नेटवरून उतरवून छापणारे ढिगाने आहेत आणि कंपन्या बहुतेक वेळा काणाडोळा करतात. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. मी मिकू निवडली त्याचं अर्धं कारण हेच. तिची मालक साप्पोरोची क्रिप्टन फ्यूचर मीडिया. ३१ ऑगस्ट २००७ ला तिचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, आणि पैसे कमावण्यासाठी नसलेल्या चाहत्यांच्या कामाला कंपनीने ‘पिआप्रो कॅरेक्टर लायसन्स’ नावाची मोकळीक जाहीरच करून ठेवली आहे. मात्र नवखे हमखास इथेच घसरतात: ती मोकळीक पात्राची असते, चित्राची नव्हे. पिक्सिव्ह या चित्रकारांच्या साइटवर कोणीतरी रात्री जागून काढलेली मिकू ही त्या चित्रकाराची. त्याच्या पानावर ‘मुदान तेन्साई किन्शी’, म्हणजे विनापरवानगी इतरत्र टाकायला मनाई, असं लिहिलेलं असतंच.

सरळ निरोप पाठवा. गाडीवर लावायचंय, साधारण एवढं मोठं, कापावं लागेल, कदाचित उलटं करावं लागेल, मेळाव्यात नेईन, नाव लिहीन, हे सगळं पहिल्याच निरोपात. बरेच जण नाही म्हणतात, काही उत्तरच देत नाहीत, पण एखादा इतका खूश होतो की मूळ फाइल पाठवतो. पैसे देऊन चित्र काढून घेणार असाल तर पात्र आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरांवर मागा. मी मागितली नव्हती. मग एकेका केसामागचं आकाश खोडत दोन शनिवार-रविवार गेले.

चित्र राहू द्या, आधी गाडी बघा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. कागद सपाट असतो. गाडीच्या दाराला मूठ असते, फट असते, पट्टी असते, टाकीचं झाकण असतं, आणि वर जवळजवळ निम्मी काच असते. कॉम्प्युटरवर सुंदर दिसलेली मिकू माझ्या दारावर गेली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यातून दाराची मूठ बाहेर आली. दार उघडलं की चेहऱ्याचे दोन भाग. मैत्रिणीने हात जोडले.

म्हणून सुरुवात मोजमापापासून. गाडी मोकळ्या जागी सरळ उभी करा. चिकटपट्टीने दारावर बरोबर एक मीटरची खूण करा. मग दहा-पंधरा पावलं मागे जाऊन, झूम करून, कॅमेरा दाराच्या मध्याइतक्या उंचीवर धरून फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचं पोट फुगतं आणि सगळी मापं चुकतात. ती एक मीटरची खूण धरून फोटो खऱ्या मापात आणायचा आणि त्यावर मुठी, फटी, झाकण, चाकांच्या कमानी लाल रेघेने काढून ठेवायच्या. मग त्या लाल रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत चेहरा बसवा. आधी चेहरा, मग हात, मग उरलेलं. पोटावरून फट गेली तर कोणाचं बिघडत नाही. डोळ्यावरून गेली तर गाडी भुताची.

पात्र उभं घ्यायचा मोह होतो. मिकूची अधिकृत उंची १५८ सेंटिमीटर, वॅगनआरची साधारण १६५, म्हणजे कागदावर ती बरोबर मावते. पण खिडकीखाली पत्रा जेमतेम दोन-अडीच फूट असतो. उभी मिकू त्यात बाहुलीएवढी होते. म्हणून बहुतेक इताशांवर पात्रं तिरपी, झेपावणारी किंवा पहुडलेली दिसतात. केस, रिबिनी, पाकळ्या मागच्या चाकाकडे पळवायच्या, मग गाडी उभी असली तरी धावल्यासारखी वाटते. बॉनेटवर मात्र डोकं काचेकडे आणि पाय बंपरकडे. समोरच्याला ती सरळ दिसते, तुम्हाला स्टिअरिंगवरून उलटी. त्याला इलाज नाही.

दुसरी बाजू करताना सगळे जे करतात तेच मीही केलं: चित्र आरशासारखं उलटवलं. कारण बरोबर असतं, दोन्हीकडे पात्राचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला हवं. पण मिकूच्या डाव्या दंडावर ‘०१’ असतं. उलटवलं की ते उजव्या दंडावर जातं आणि आकडाही उलटा. ते मी पकडलं आणि नीट केलं. नंतर नवीन वर्षासाठी किमोनोतली मिकू केली, तेव्हा मात्र शेजारच्या आजीबाई फाटकापाशी थांबल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, उजव्या दारापाशी वाकल्या आणि अगदी हळू विचारलं, “ही मुलगी गेली का हो?” किमोनोचा डावा पदर नेहमी वर असतो. उजवा वर घेतात तो प्रेताला नेसवताना. मी उलटवलेल्या चित्रात मिकू पार नटूनथटून मयताच्या नेसणीत उभी होती. तेव्हा उलटवाल तेव्हा गळ्यापाशी बघा, अक्षरं बघा, कोणता डोळा झाकलाय ते बघा. जमलं तर दुसऱ्या बाजूला वेगळंच चित्र घ्या.

अक्षरांवरून आठवलं. इथल्या जुन्या ट्रकांच्या उजव्या अंगावर कंपनीचं नाव कधीकधी उजवीकडून डावीकडे लिहिलेलं दिसतं, म्हणजे ते पुढच्या टोकापासून सुरू होतं. काही इताशावाले मुद्दाम तसं करतात. देवनागरीत करायला जाऊ नका. मी ‘मिकू’ करून पाहिलं, वेलांटी आणि ऊकार कुठे जातात ते तुम्हीच ताडा.

सगळं ठरलं की घाई न करता साध्या कागदावर खऱ्या मापात छापा. काळा-पांढरा, तुकड्या-तुकड्यांत, घरच्या प्रिंटरवर चालेल. चिकटपट्टीने दारावर लावा आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघा. या कागदांना शेदोनशे येन लागतात. डोळ्यातली मूठ तेव्हाच दिसली असती.

छापून घेताना

गाडी दोन-तीन मीटरवरून बघतात, त्यामुळे खऱ्या मापात १०० ते १५० डीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके, पुरतं. के-कारची, म्हणजे वॅगनआरसारख्या जपानी छोट्या गाडीची, लांबी कायद्याने ३.४ मीटरपर्यंतच असते. १५० डीपीआयने आख्खी बाजू साधारण २०,००० पिक्सेल होते. चित्र लहान असेल तर अॅनिमेच्या रेषांसाठी बनवलेलं वायफूटूएक्स वापरून मोठं करता येतं, पण आधी डोळ्यांच्या कडा मोठ्या करून तपासा. फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, बदलून बघा. स्क्रीनवरचा मिकूचा झगझगीत हिरवट निळा कागदावर बेडकाच्या रंगाचा होऊ शकतो. हातभर नमुना छापून घ्या, उन्हात धरा, मग होकार द्या. कडेला निदान पाच सेंटिमीटर जादा चित्र सोडा.

चित्र ज्यावर छापतात त्या चिकट फिल्मचे दोन प्रकार: कास्ट आणि कॅलेंडर्ड. कास्ट पातळ असते, साधारण ५० मायक्रॉन. ती वळणांवर बसते आणि बसून राहते. कॅलेंडर्ड जाड आणि स्वस्त. सपाट जागी ठीक, पण वळणावर ताणली की काही महिन्यांत आक्रसून कडा उचलते. दारासाठी एकवेळ चालेल, बंपरसाठी अजिबात नको. थ्रीएम, एव्हरी डेनिसन अशा कंपन्यांच्या फिल्ममागे हवा जायला बारीक खाचा असतात, नवख्याने त्याच घ्याव्यात. छपाईवर लॅमिनेशन हवंच, नाहीतर ऊन आणि पेट्रोल दोन्ही रंग खातात. सॉल्व्हंट शाई असेल तर छापल्यावर निदान एक दिवस सुकू देऊन मग लॅमिनेट करतात. दुकानदार ‘आज संध्याकाळीच देतो’ म्हणाला तर तुम्हीच म्हणा, परवा दे.

फक्त अक्षरं किंवा दोन-तीन रंगांची आकृती असेल तर छपाईची गरजच नाही, रंगीत विनायल कापून चालतं. पुण्यात नंबरप्लेटवाल्याशेजारी बसणारा रेडियमवाला हेच करतो, आणि त्याचा हात आपल्यापेक्षा कितीतरी साफ असतो.

खर्च विचारतातच. दुकानाकडून दोन्ही बाजू करून घ्यायच्या तर लाख-दोन लाख येनपासून पुढे, आख्खी गाडी केली की पाच-दहा लाख सहज. म्हणून पहिल्यांदा मागची काच किंवा एक दार. ज्यांना सोमवारी साहेबाच्या शेजारी गाडी लावायचीय त्यांनी मॅग्नेट शीट घ्यावी, किमान ०.८ मिमी जाडीची. घेण्यापूर्वी फ्रिजवरचा एक मॅग्नेट गाडीला लावून बघा. काही गाड्यांचे फेंडर आणि डिकी प्लॅस्टिकची असतात, बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं. आणि शीट आठवड्यातून एकदा काढून पुसा, खाली पाणी अडकून रंग खराब होतो.

चिकटवण्याचा दिवस

हवा १५ ते २५ अंश असेल असा दिवस निवडा. मी फेब्रुवारीत बसले. फिल्म पापडासारखी कडक होती, ताणली आणि हनुवटीपाशी टरकन फाटली. भर उन्हातही नको, गोंद लगेच पकडतो आणि परत उचलता येत नाही.

गाडी धुवा. मग नेन्दो, म्हणजे गाडीसाठीची माती, पाणी मारून पत्र्यावर फिरवा. हाताला खरखर लागते ती जाईपर्यंत. मेण किंवा कोटिंग असेल तर ते ‘सिलिकॉन ऑफ’ने उतरवा. मुठीच्या खोबणी आणि दाराच्या कडा अल्कोहोलने दोनदा पुसा, फिल्म आधी तिथेच सुटते. रंग कंपनीचा हवा. टच-अप केलेल्या जागी फिल्म काढताना रंगही सोबत येतो.

चित्र पाठच्या कागदासकट दारावर चिकटपट्टीने टांगा आणि नीट जागेवर आणा. आता मधोमध उभी रुंद पट्टी लावा, ती बिजागरी. उजवा अर्धा भाग पट्टीवर दुमडा, त्याचा पाठचा कागद सोलून कापून टाका, फिल्म हलकी ताणून धरा आणि स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबायची चपटी पट्टी, मधून बाहेरच्या दिशेने मारत जा. प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढलेला. स्क्वीजीच्या कडेला फेल्ट हवं, नसेल तर जुना मोजा गुंडाळा. मग बिजागरी काढून डावा अर्धा. दोन माणसं लागतात. एकटीने केलं तर फिल्म स्वतःलाच चिकटते, आणि एकदा चिकटलेली फिल्म सोडवताना मराठीतले ठेवणीतले शब्द बाहेर पडतात.

फुगा राहिला तर सुईने टोचून बोटाने दाबा, ब्लेडने नको. साबणाचं पाणी फवारून चिकटवायची जुनी रीत कापलेल्या साध्या विनायलला छान, पण हवेच्या खाचा असलेल्या फिल्मला नाही. पाणी खाचांत बसून राहतं.

दोन्ही दारांवर चित्र सलग लावा, म्हणजे रेषा जुळतात, आणि मग फटीत ब्लेडचं टोक घालून कापा. दार उघडा आणि कड आत अर्धा-पाऊण सेंटिमीटर वळवा. पत्र्यावर ठेवून कधीही कापू नका, रंगावर पडलेली ती बारीक रेघ पुढे गंजते. पत्र्यावरच कापावं लागणार असेल तर आत दोरा असलेली टेप मिळते. ती आधी लावायची, वर फिल्म, मग दोरा ओढला की फिल्म कापली जाते.

मुठीच्या खोबणीत हीट गनने फिल्म मऊ करा आणि बोटाने हळूहळू आत न्या. घरचा हेअर ड्रायर दाराला पुरतो, बंपरला नाही. आणि शेवटचं काम, जे मी पहिल्या दोन वेळा केलंच नाही: फिल्मला स्मरणशक्ती असते. जिथे ताणलीय तिथे ती मूळ आकारात परत जायला बघते. सगळं लागल्यावर त्या जागा ९० अंशांच्या वर तापवल्या की ती विसरते. तापवलं नाही तर आठवडाभरात खोबणीवर तंबू उभा राहतो.

पोलिस, आरटीओ, शाकेन

जपानमध्ये समोरची काच आणि पुढच्या दोन दारांच्या काचा मोकळ्या सोडा. तिथे चित्र नको, आणि फिल्म लावलीच तर ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. दिवे झाकू नका. नंबरप्लेटवर पारदर्शक झाकणसुद्धा २०१६ पासून चालत नाही. नव्या खासगी गाडीची शाकेन तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी येते, तेव्हा हेही बघतात.

भारतात गोष्ट वेगळी. आरसीवर रंग लिहिलेला असतो आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीशी न जुळणाऱ्या बदलांना आडवं येतं. पांढरी गाडी पांढरीच दिसेल एवढंच चित्र लावा. आख्खी गाडी गुंडाळायची तर आधी आरटीओत रंगबदलाचं काम करून घ्या. काचांतून पुढे-मागे ७० आणि बाजूंना ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हा तिथला नियम. विमा कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच चित्र तुमच्या विरोधात उभं राहील.

नंतर

पहिला आठवडा धुऊ नका. पुढेही हातानेच, गोल ब्रशच्या मशीनमध्ये नको. प्रेशरचा फवारा कडेपासून फूटभर लांब. पक्ष्याची घाण दिसली की लगेच ओल्या फडक्याने काढा. टाकीच्या झाकणाखाली पेट्रोलचा थेंब ओघळतो, तिथे चेहरा नसावा हे आधीच सांगायला हवं होतं. बॉनेटवरचं चित्र दारांपेक्षा लवकर मरतं, ऊन थेट पडतं.

काढताना हळूहळू गरम करा आणि फिल्म पत्र्याला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढा. उरलेला गोंद रिमूव्हरने. खूप वर्षं ठेवलंत तर आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो आणि फिल्मखालचा जसाच्या तसा. मग मिकू निघते, पण तिची सावली दारावर राहते. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक विचारतं, हे काय?

मेळाव्याला एकच दार केलेली गाडी नेलीत तरी चालतं. तोक्योकडचे अकिहाबाराच्या यूडीएक्स इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जमतात, मोठे मेळावे ओदाइबात भरतात. फोटो काढण्याआधी मालकाला विचारा, दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नका, इंजिन बंद ठेवा. नंबरप्लेटवर पात्राची पाटी लावायची ती फक्त आत उभं असताना, रस्त्यावर येण्याआधी काढायची. गाडीचा फोटो छापलेली मेइशी, म्हणजे नावाची कार्डं, सोबत असू द्या, इथे ओळख कार्ड देऊनच सुरू होते. आणि डिकीत स्क्वीजी आणि छोटा ड्रायर ठेवा. कोणाचा ना कोणाचा कोपरा उचकटलेला असतोच. माझी इथली पहिली मैत्री तशीच झाली, फक्त कोपरा माझा होता आणि ड्रायर तिचा.